ट्रान्सप्लांटनंतर राहायची खोली: वेंगुर्ल्याच्या खानावळवालीचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे. एक तारा कुठे कापला ते पुढे सांगते. घाईत असाल तर एवढंच ऐका: खोली मिळत असेल तर डोळे मिटून घ्या, आणि आत शिरल्यावर डोळे उघडून आधी बेडरूममधलं कपाट भिंतीपासून पुढे ओढा.

जागा नवी मुंबईत, खारघरच्या बाजूला. एका साध्या सोसायटीतले काही वन बीएचके फ्लॅट एका ट्रस्टने बोन मॅरो (हाडातला मगज) ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटसाठी ठेवलेत. एका फ्लॅटमध्ये एकच पेशंट आणि सोबत दोन माणसं, तिसरं माणूस मुक्कामाला चालत नाही. भाडं दिवसाला दोनशे रुपये, लाइट आणि गॅस त्यातच. डिपॉझिट घेतात आणि निघताना परत देतात, माझं वेळेत खात्यावर जमा झालं. ट्रस्टचं नाव लिहीत नाही, कारण थोडं वाईटही लिहायचं आहे आणि या लोकांचे आमच्यावर उपकार आहेत. हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारलंत की ती बरोबर पाठवते.

माझी वेंगुर्ल्यात खानावळ आहे. धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला, एएमएल. केमोने आजार आटोक्यात आला, पण डॉक्टर म्हणाले, हा उलटणारा प्रकार आहे, ट्रान्सप्लांट करून घ्या. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि आम्ही दोघंच. जुळलं. त्यामुळे स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, देणारीही मीच, आणि नंतर या खोलीत भांडी घासणारीही मीच.

देण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण गावात अजून लोक विचारतात की पाठीच्या कण्यातून काढलं का, आता वाकता येतं का. तसं काही नसतं. चार-पाच दिवस पोटात इंजेक्शनं देतात, त्याने स्टेम सेल हाडातून रक्तात उतरतात. कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, पॅरासिटामॉलने भागतं. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी पिशवीत पडतात, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार-पाच तास पडून राहायचं. ओठांना मुंग्या आल्या तर सांगायचं, कॅल्शियम देतात. पिशवी भावाला चढवली तेव्हा रक्त चढवल्यासारखंच दिसत होतं. त्यालाही वाटलं, एवढंच? एवढंच. पुढचं सगळं नंतर असतं, आणि म्हणूनच या खोलीबद्दल लिहायला बसले.

वॉर्डात पेशंटच्या पांढऱ्या पेशी वर येईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. तिथे हवा गाळून येते, आत जायचं तर हात धुवा, मास्क लावा, गाऊन घाला. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, काउंट आला, डिस्चार्ज. पण घरी जायचं नाही. ट्रान्सप्लांटपासून शंभर दिवस होईपर्यंत हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं, ही आमच्या डॉक्टरांची अट. ताप १००.४ च्या वर गेला की रात्री दोन वाजलेले असले तरी निघायचं. आठवड्यातून दोनदा ओपीडी, रक्त, औषधाची लेव्हल, सीएमव्ही नावाच्या व्हायरसची तपासणी. शिवाय माझ्या पेशी त्याच्या अंगाला परकं समजून कातडी, आतडी, लिव्हर यांच्यावर उठू शकतात. भाऊ म्हणायचा, "ताई, तुझ्या पेशी पण तुझ्यासारख्याच भांडकुदळ."

आता इथेच कोकणातला माणूस फसतो. मुंबईत आपलं कोणी नाही असं कोकणात घर सापडणार नाही. गिरणगावात गावागावांच्या खोल्या होत्या, एका खोलीत पाळीपाळीने वीस-वीस माणसं झोपायची. आजही मामा लालबागला, आत्या डोंबिवलीला, चुलतभाऊ नालासोपाऱ्याला. त्यामुळे डॉक्टरांनी "राहायची सोय आहे ना?" विचारलं की आपण छाती पुढे काढून "हो" म्हणतो. सोशल वर्कर पुढच्या गोष्टी विचारते तेव्हा तो "हो" पातळ होत जातो. संडास कॉमन आहे का? घरात लहान मूल आहे का, त्याला नुकतीच लस दिली आहे का? कबुतरं बसतात का? शेजारी बांधकाम चालू आहे का? पेशंटला झोपायला वेगळी खोली? मामाच्या खोलीत या सगळ्यांची उत्तरं चुकीची होती. मामीला वाईट वाटलं. तिला शेवटपर्यंत पटलं नाही की तिच्या घरात न राहण्यात तिचा अपमान नाही. ती दर रविवारी डबा घेऊन यायची आणि तो डबा मी खायची, कारण बाहेरचं शिजवलेलं पेशंटला बंद.

म्हणून आधी स्वयंपाकघर. हा माझा विषय आहे, थोडं लांबवते.

दोन बर्नरची शेगडी, वर इंडक्शन. कुकर, स्टीलचे डबे, स्टीलचा पोळपाट, भाजीला आणि कच्च्या मटण-मासळीला वेगवेगळे बोर्ड, त्यावर रंगाने खूण केलेली. फ्रिज लहान पण आपल्या एकट्याचा. पाण्याचा फिल्टर आहे, त्यावर सर्व्हिसच्या तारखेचं स्टिकर आहे आणि तारीख चालू महिन्याची होती, हे मी मुद्दाम पाहिलं. तरी पाणी उकळून घ्या असं तेच सांगतात. ओट्यावर एकही फट नाही. ज्याने हे स्वयंपाकघर लावलं त्याने कधीतरी आजाऱ्यासाठी रांधलेलं असणार.

मिक्सर मात्र नुसता वरून चकचकीत होता. भांडं उलटं करून पात्याखालचं रबर चमच्याच्या दांड्याने सोडवलं. आत काळा चिकट थर. कोणाचं लक्ष जात नाही तिथे, खानावळ चालवणाऱ्या बाईचंच जातं. खाली जाऊन केअरटेकर काकांना दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही, दुसऱ्या दिवशी नवीन भांडं आणून दिलं, आणि मग बाकीच्या फ्लॅटमधली भांडीही माझ्याकडून तपासून घेतली. दोन टाकून दिली.

आडाळो, म्हणजे आमची विळी, चालत नाही. मी गावाहून नेला होता, तो दाराशीच अडकला: लोखंड, गंज, जमिनीवर बसून चिरणं, सगळंच नियमाबाहेर. सुरीने नारळ खोवता येत नाही आणि ओलं कच्चं खोबरं पेशंटला तसंही बंद. म्हणजे सोलकढी गेली. कोकमाचं सार उकळून चाललं. दही, लोणचं, कोशिंबीर, बाहेरचा वडापाव, सगळं बंद. तोंड आतून सोलून निघालेलं असतं, तिखटाचा थेंब चालत नाही. पहिले कित्येक दिवस त्याच्या घशाखाली फक्त उकड्या तांदळाची पेज उतरली. तांदूळ घरचा. डाएटिशियनबाई दक्षिण मुंबईतल्या, त्यांना पेज समजावून सांगावी लागली. समजल्यावर म्हणाल्या, याहून चांगलं मी काय देणार, फक्त ताजी करा आणि उरलेली टाका. पेज टाकायला माझा हात होत नव्हता, पण टाकली.

मासळीची परवानगी नंतर मिळाली, ताजी आणि पूर्ण शिजवलेली असेल तर. तोवर रोज रडगाणं: "ताई, माका बांगडो कधी गावतलो?" परवानगी मिळाल्यावर बाजारात गेले, बांगड्याचे गलफडे वर करून पाहिले आणि तशीच परत आले. बर्फावर किती दिवस होता कोण जाणे. नवी मुंबईतल्या मासळीबद्दल माझं मत इथे लिहीत नाही, तिथे राहणाऱ्यांना राग येईल.

गणपतीत एक गाववाले भेटायला आले. गणपतीवरच्या माटवीला बांधायच्या पपनसांतलं एक मोठं पपनस कौतुकाने आणलेलं. सुदैवाने दाराला ट्रस्टची यादी चिकटवलेली आहे आणि त्यात पपनस ठळक अक्षरात आहे. टॅक्रोलिमस म्हणून गोळी असते, माझ्या पेशींना शांत ठेवणारी. पपनस खाल्लं की तिची रक्तातली लेव्हल वाढते आणि किडनीवर येतं. ही यादी मराठी आणि हिंदी दोन्हीत आहे. इंग्रजी कागदाची घडी घालून आपण फाइलमध्ये ठेवतो आणि विसरतो. दाराला चिकटवलेला मराठी कागद रोज समोर येतो. या एका यादीसाठी मी अर्धा तारा जास्त दिला असता.

आता कापलेला तारा. आम्ही खोलीत आलो ते ऐन पावसात. बेडरूममध्ये शिरताच वास आला. आषाढ-श्रावणात आमच्याकडे चपलांवर, पट्ट्यांवर, पोथ्यांवर बुरशी येते आणि आपण फडक्याने पुसून पुढे जातो, त्यामुळे तो वास मला घरचाच. पण वॉर्डातून निघताना सिस्टरने बजावलं होतं: बुरशीचे कण अशा पेशंटच्या फुप्फुसात बसले तर जिवावर बेततं. कपाट ओढलं. मागे हातभर रुंद हिरवा-काळा डाग, मध्ये रंगाचे पोपडे सुटलेले. काकांनी आधी रंगाऱ्याला बोलावून वर पांढरा हात मारायची तयारी केली. मी उभी राहिले. म्हटलं, काका, माझ्या घरी मीही हेच करते, पण माझ्या घरी ट्रान्सप्लांटचा पेशंट झोपत नाही. पलीकडे बाथरूमचा पाइप झिरपत होता. दुसरा फ्लॅट मिळायला आठवडा गेला, तोवर भाऊ हॉलमध्ये झोपला आणि बेडरूमचं दार टेप लावून बंद. नंतर पाइप दुरुस्त झाला, भिंत खरवडून नवीन प्लास्टर झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पेशंट येण्याआधी ते व्हायला हवं होतं. पावसाळ्यात जाणार असाल तर कपाटामागे, सिंकखाली आणि एसीच्या जाळीत बघाच.

समोरच्या फ्लॅटमध्ये बिहारचं कुटुंब होतं. मुलगा पेशंट आणि बाप अर्धा जुळलेला, हल्ली अर्ध्या जुळणीवरही करतात. त्यांचं मुंबईत कोणीच नव्हतं. आम्हाला निदान रविवारी मामी होती. त्या बाईने शेती गहाण टाकलेली. तिने मला विचारलं, तुमचं गाव किती लांब? मी म्हटलं, एका रात्रीची गाडी. ती म्हणाली, मग तुम्ही इथलेच. तिच्या हिशोबाने खरं होतं.

रात्री झोप नसायची, तेव्हा मोबाइलवर वाचत बसायची. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट २० मार्च १९८३ ला टाटा मेमोरियलमध्ये झालं, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या टीमने केलं. पेशंट नऊ वर्षांची मुलगी, आजार एएमएल, मॅरो दिला तिच्या भावाने. आमच्यात उलटं. म्हणजे ही गोष्ट मुंबईला चाळीस वर्षं येते.

मग जगाचे आकडे पाहिले. २०१० साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी आली होती. २००६ मध्ये ४८ देशांत मिळून ५०,४१७ ट्रान्सप्लांट झाली, त्यातली ४८ टक्के युरोपात, ३६ टक्के अमेरिका खंडांत, १४ टक्के आशियात. आफ्रिका आणि पूर्व भूमध्य भाग मिळून २ टक्के. त्यात एक वाक्य होतं जे मी दोनदा वाचलं: लोकसंख्या ३ लाखांच्या आत, क्षेत्रफळ ९६० चौरस किलोमीटरच्या आत किंवा दरडोई उत्पन्न ६८० डॉलरच्या आत असलेल्या देशांत एकही ट्रान्सप्लांट झालेलं नाही. मी लगेच आमचा जिल्हा मोजला. सिंधुदुर्ग ५,२०७ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास माणसं. स्वतंत्र देश असतो तर दोन विषयांत आरामात पास! जिल्हा आहोत, म्हणून गाडी पकडायची.

प्रत्येक जिल्ह्यात ट्रान्सप्लांट युनिट हवं असं मी म्हणत नाही. वॉर्डात काय काय लागतं ते पाहिलंय, आणि रोज हेच काम करणाऱ्यांच्याच हातात भाऊ असावा असं मलाही वाटलं. २०२१ मध्ये युरोपात ६९४ केंद्रांनी मिळून ४७ हजारांवर ट्रान्सप्लांट केली. आपल्याकडे दीडशे कोटींच्या घरात लोक आणि वर्षाला काही हजार, तीही मोठ्या शहरांत. ही दरी एका दिवसात भरणार नाही. पण शंभर दिवसांची खोली? तिला ना हवा गाळायचं मशीन लागतं, ना तज्ज्ञ डॉक्टर. कोरडी भिंत, वेगळा संडास, स्वच्छ ओटा आणि अर्ध्या तासात हॉस्पिटल, एवढंच. एवढ्यासाठी माणसं ट्रान्सप्लांटला नाही म्हणतात. ओपीडीच्या बाकावर मी ऐकलंय: पैसे योजनेतून आणि ट्रस्टांकडून जमतील हो, पण चार महिने राहायचं कुठे, आणि गावी गुरं कोण बघणार? गुरांचं उत्तर माझ्याकडे नाही. माझी खानावळही तेवढे महिने बंदच होती.

डोनरचंही तसंच. घरात जुळलं नाही तर रजिस्ट्रीत शोधतात. जर्मनीत नोंदवलेले डोनर नव्वद लाखांच्या वर आहेत, आपल्या देशात काही लाख. जुळणी वंशावर चालते, म्हणजे मालवणी माणसाला जुळणारा बहुतेक इथेच कुठेतरी मासे नाहीतर आंबे विकत बसलेला असणार. नोंदणीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, सुई नाही. आमच्याकडे शिवजयंतीला, गणपतीला रक्तदान शिबिरं धडाक्यात होतात. काडी फिरवायचं शिबिर मी आमच्या बाजूला अजून पाहिलेलं नाही.

शंभर दिवस भरले आणि आम्ही निघालो. इथून पुढे खोलीवाल्यांचा संबंध संपतो, आणि ही माझी दुसरी, छोटी तक्रार. फॉलोअपला येणाऱ्या जुन्या पेशंटला एका रात्रीची जागा रिकामी असली तरच मिळते. कुडाळहून रात्रीची गाडी पनवेलला पहाटे सोडते, ओपीडी सकाळी उघडते, मधले तास मास्क लावून कुठे काढायचे? पावसाळी वेळापत्रकात गाडी किती उशिरा येईल तेही कळत नाही. लेव्हल तपासायची तर सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची असते, म्हणून उपाशी नाही तरी बिनगोळीचं बसून राहायचं. दोन खाटांची एक खोली फक्त फॉलोअपवाल्यांसाठी ठेवली तर निम्मा कोकण दुवा देईल. मी तसं वहीत लिहून आलेय. काकांनी वाचलं आणि खाली "विचाराधीन" असं लिहिलं, सरकारी ऑफिससारखं.

गावी आल्यावर दुसराच प्रकार. ट्रान्सप्लांटनंतर लहानपणच्या लसींचा असर पुसला जातो, त्या ठरावीक महिन्यांनी पुन्हा घ्याव्या लागतात. तिशीतला दाढीवाला बाळांच्या लसींचा कागद घेऊन केंद्रावर उभा राहिला, तेव्हा सिस्टर आधी त्याच्यामागे बाळ शोधत होत्या. कागद नीट वाचल्यावर त्यांनी स्वतः हॉस्पिटलला फोन लावून खात्री करून घेतली, हे त्यांचं कौतुक. अशा पेशंटला रक्त चढवायची वेळ आली तर आधी रेडिएशन दिलेलंच लागतं. ते जवळ कुठे मिळेल, हे मात्र मी चार ठिकाणी विचारलं आणि चार ठिकाणी उलट मलाच विचारलं, म्हणजे काय? ते लागण्याची वेळ अजून आलेली नाही. भाऊ बरा आहे, बांगडा खातो. ब्लड ग्रुप बदलून माझा झालाय, त्यावरून आई दोघांना एकदमच ओरडते.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. खोलीसाठी नाव डिस्चार्जच्या वेळी घालू नका, एचएलए जुळणीचा, म्हणजे डोनर जुळतो का त्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला त्याच आठवड्यात सोशल वर्करकडून चिठ्ठी घ्या. फ्लॅट थोडे आणि रांग मोठी आहे. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच सही-शिक्क्यानिशी घ्या: कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट मोफत असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. चादरी चार जोड न्या, रोज बदलाव्या लागतात आणि पावसात वाळत नाहीत. इस्त्री तिथे आहे. थर्मामीटर दोन ठेवा. तांदूळ घरचा न्या, पण नवा हवाबंद डबा घेऊन, पोत्यातून नको. ट्रस्टचा फोन दुपारी एक ते तीन कोणी उचलत नाही, सकाळी अकराच्या आत लावा.